उजव्या पायातला खडा

अंधेरी स्टेशनबाहेर टांगे उभे राहत, तिथे पिंपळाखाली एक नालबंद बसायचा. मी मरोळच्या शाळेत मास्तर, रोज टांग्याने जाणारा, म्हणून त्याची तोंडओळख. ओठांत खिळे धरूनच तो बोलायचा, तेही माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त. खुरावर तळहात ठेवून, डोळे मिटून, आई पोराचा ताप बघते तसा बघायचा. नाल ठोकून झाला की मानेवर थाप मारायचा, "जा राजा."

एकदा सकाळी एका टांगेवाल्याचा घोडा डाव्या पायाने लंगडत आला. त्यात जनावरं तपासणारा इन्स्पेक्टर नाक्यावर येऊन पोचलेला.

"पाय तापलाय. आठ दिवस उभा ठेव याला," नालबंद म्हणाला.

"आणि घरी पोरांना काय घालू रे? कर ना कायतरी!"

नालबंदाने घोड्याचा चांगला, उजवा पाय उचलला आणि नालाखाली एक खडा बसवला. आता दोन्ही पाय सारखेच दुखणार, म्हणजे लंगडणं दिसणारच नाही. इन्स्पेक्टरने घोडा चालवून पाहिला आणि पास केला.

"अरे, आता तरी खडा काढ," मी पुटपुटलो.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "इन्स्पेक्टर अजून उभा आहे, मास्तर. आणि तुम्हाला उशीर होतोय ना?"

बाकीचे टांगे निघून गेले होते. मी चढलो. त्या दिवशी त्याने घोड्याला थाप मारली नाही.

घोडा अगदी सरळ चालला. पहिल्या तासाला मी वेळेवर पोचलो.