लाईट गेली नव्हती

आमचं घर लूमच्या कारखान्यावर आहे. खाली कापड विणणारे बारा लूम, वर आम्ही. दिवसभर फरशी थरथरते, नवीन पाहुणे चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसतात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. एम.कॉम.ला असताना माझा फोन हरवला त्या सकाळी मात्र वाटलं. फरशी थरथरली की फोनच वाजतोय असं वाटे आणि मी उशा उलट्या करत सुटे.

काम म्हणाल तर काहीच नव्हतं. कॉलेजच्या ग्रुपवर माझ्याशिवाय काय चाललं असेल, एवढ्यानंच जीव कासावीस. आईनं पुढ्यात पोहे ठेवले, घास उतरेना. शेवटी मी चक्क रडले.

सकाळी कारागिरांना चहा द्यायला खाली गेले होते, फोन तिथंच राहिला असणार. पण तो व्हायब्रेटवर. बारा लूमच्या खडखडाटात ऐकू कसा येणार?

"बाबा, पाच मिनिटं लूम बंद करा ना," मी खाली जाऊन म्हटलं आणि जीभ चावली. माझ्या बारशालाही लूम चालू होते, पाळणा कुणाला ऐकू आला नाही, हे आई अजून ऐकवते.

"त्या डबड्यासाठी? न्हाय जमायचं, बाय."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी पुटपुटले आणि लूमचा मेन स्विच खाली ओढला.

"लाईट गेली काय?" आई वरून ओरडली. लूम एरवी लाईट गेली तरच थांबत. तिच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. आमचे सगळ्यात जुने कारागीर चाचा तर दिव्याखाली उभे राहून "लाइट गई" म्हणाले आणि बिडी काढून बाहेर निघाले.

बाबांनी माझा नंबर लावला. कोपऱ्यातल्या ताग्यांच्या थप्पीतून घुर्र, घुर्र. मी कापडात कोपरापर्यंत हात घातला आणि फोन छातीशी धरला.

ग्रुपवर मी कुठे आहे, असं एकानंही विचारलं नव्हतं. मिस्ड कॉल मात्र सोळा, सगळे बाबांचे. पहिला साडेनऊचा. म्हणजे डबडं म्हणायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस त्या खडखडाटात एका कानात बोट घालून माझा फोन शोधत होता.

"बाबा, सगळे तुमचेच फोन आहेत."

"मग उचलायचा ना!" ते म्हणाले आणि त्यांनी स्विच वर केला.