सुती साडीत बांधलेली पेटी

संगमवाडीचा पूल ओलांडून गाडी विश्रांतवाडीच्या दिशेला लागली की मागून आवाज यायचा. त्याआधी नाही. कर्वेनगरमधून निघाल्यावर निम्मी वाट ती शहाण्यासारखी चालायची. मग तिचं अंग तापलं की मागच्या चाकांच्या मधोमध कुठेतरी बारीक गुणगुण सुरू व्हायची. एकच सूर, तोही जरा बेसूर. वेग वाढवला की वर चढायचा, पाय काढला की विव्हळत खाली यायचा. आमचा मुलगा काम करताना असाच गुणगुणायचा. गाणं कुठलं ते कधी कुणाला ओळखता आलं नाही.

बायको मागच्या सीटवर बसायची. पुढे माझ्या शेजारी बसायला तिने साफ नकार दिला होता. आवाज सुरू झाला की ती बोलायची थांबायची. आमच्या सोसायटीत हे कुणाला सांगितलं असतं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. ती तळहात सीटवर टेकवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "आला."

विश्रांतवाडीला तिची बहीण राहते. पूर्वी वर्षातून दोनदा जायचो, तेही कुरकुर करत. आता दर रविवारी जाऊ लागलो. मेहुणीला वाटलं, बहिणीला आपली ओढ लागली आहे. तिला काय ठाऊक की आम्ही चहा घेऊन लगेच का उठतो. परतीच्या वाटेवर तो आवाज घरापर्यंत सोबत असायचा.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. मी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. सगळी नोकरी दाते मोजण्यात आणि नाकारण्यात गेली. नाकारण्यात मला जास्त आनंद मिळायचा असं माझ्या हाताखालचे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे बसायचा, पण हात माझे घेऊन आला होता. त्याने बाहेरून आलेली एक जुनी गाडी घेतली. चारही चाकांना ताकद पुरवणारी, दिसायला साधी सेडान. त्या गाडीच्या दोन तऱ्हा निघाल्या होत्या. एक घरगुती आणि एक शर्यतीत पळवायची. त्याची होती ती घरगुती. मग कुठून तरी त्याने दुसऱ्या तऱ्हेची एक गाडी भंगारात मिळवली. पुराच्या पाण्यात राहून तिचा पत्रा कुजला होता, पण पोट शाबूत होतं. तिचा गिअरबॉक्स काढून आपल्या गाडीत बसवायचा, हा त्याचा ध्यास.

काम बिबवेवाडीत चालायचं, भाईंच्या गॅरेजात. भाईंच्या तीन पिढ्या पुण्यात गाड्याच दुरुस्त करत आल्या. ते माझ्यापेक्षा वयाने थोडे लहान, तरी मला काका म्हणतात, आणि मुलाला ते भंकस करत 'इंजिनिअर साहेब' म्हणायचे. शनिवारी मीही तिथे जाऊन बसायचो. एकदा मुलगा मला म्हणाला, "बाबा, दोन्ही गाड्यांचे बोल्ट सेम आहेत, पण आतलं सगळं वेगळं. नुसता गिअरबॉक्स बदलून चालणार नाही. मागचं डिफही त्याच गाडीचं लागणार."

डिफ म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये असते ती दात्यांची पेटी. गिअरबॉक्स आणि ती पेटी एकाच हिशोबाने फिरायला हवी. तसं नसेल तर पुढची चाकं एक सांगतात आणि मागची दुसरंच. रस्ता तर एकच असतो, त्यामुळे सगळं भांडण गिअरबॉक्समधल्या जोडावर येतं. तो जोड तापतो आणि हळूहळू स्वतःला खातो.

"मला शिकवतोस?" मी म्हणालो होतो. तो हसला होता.

गिअरबॉक्स त्याने आणि भाईंनी मिळून चढवला. आतले बेअरिंग, पट्ट्या, सगळं त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं. दुसरा गिअर जरा अडायचा, लिव्हर आपल्याकडे ओढून मग खाली घ्यावा लागे. तो म्हणाला, असू दे, ही तिची खोड आहे. मागची पेटी काढून झाली होती. दुसरी चढवायची राहिली होती. पावसाळा सरत आला होता, घरोघरी डेंग्यू होता. त्या तापाबद्दल मी लिहिणार नाही. आठवड्याच्या आत सगळं संपलं.

आमच्या घरात त्यानंतर 'गेला' हा शब्द बंद झाला. नातेवाईक भेटायला यायचे आणि सवयीने तो शब्द बोलायचे. बायको तिथल्या तिथे उठून आत निघून जायची. मीही तो टाळू लागलो. 'तेव्हा', 'त्या वेळी', 'ते झालं त्यानंतर', अशी वाकडी वाट आम्हाला सवयीची झाली.

गाडी भाईंच्या लिफ्टवर तशीच लटकत होती. सहा महिने त्यांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. शेवटी मीच गेलो. म्हटलं, पुरी करू या. कामाच्या फळीवर मागची पेटी ठेवलेली होती, बायकोच्या पिवळ्या काठाच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेली. कापड तेलाने ओलं, एकच गाठ, टोक डावीकडे वळवलेलं. मी ओळखलं. आमच्या कारखान्यात पास झालेला माल असाच बांधून पुढे जायचा. बांधलेल्या मालाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, तो मोजायचा नाही, त्यावर शंका घ्यायची नाही. असा बांधलेला माल पुन्हा उघडून बघणं म्हणजे बांधणाऱ्याचा अपमान. मुलगा लहान असताना मी त्याला त्याच्या सायकलची चेनही अशीच बांधायला शिकवली होती.

फळीखाली, जमिनीवर, आणखी एक पेटी पडली होती. मळकी, ग्रीस आणि धूळ चढून काळी झालेली. मी ती पायाने बाजूला सारली.

गाठ मी सोडली. भाई म्हणाले, "काका, एकदा फिरवून बघू या?" मी म्हणालो, "त्याने बांधली आहे." त्यांनी मान हलवली. दोघांनी मिळून ती पेटी चढवली, आणि साडीचा तुकडा मी घडी करून घरी आणला.

आणि मग तो आवाज आला.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. बायकोला आधार मिळत होता, मला भीती. सोसायटीच्या गेटमधून वळताना गाडी अडखळायची. मागच्याने शर्टाचं टोक धरावं तशी. लहानपणी स्कूटरवर तो मागे बसायचा आणि कमरेला मिठी न मारता माझा शर्ट मुठीत धरायचा. गाडी वळताना तीच ओढ पाठीला जाणवायची. एकटा असलो की मी आरशात बघायचं टाळायचो. आरशात कोणी नसणार हे मला माहीत होतं. ते बघायचीच भीती होती.

गिअरचा आवाज ऐकण्यात जन्म घालवलेला माणूस मी. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर गल्लीच्या टोकावरून सांगितलं असतं की पोटात काय बिघडलंय. या गाडीत बसलो की माझे कान कारखान्यातले राहायचे नाहीत, बापाचे व्हायचे.

एका रविवारी विश्रांतवाडीहून येताना जळका वास आला. बायको म्हणाली, "कुठेतरी कचरा पेटवला असेल." मी काच खाली केली, वास आत जास्त होता. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन भाईंकडे गेलो. त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. ते काळं ठिक्कर पडलं होतं. त्यांनी दोन बोटांत चोळून हात उन्हाकडे धरला. बोटांवर चमक होती. आमच्या भाषेत तिला चांदी म्हणतात, आणि ती दिसली की समजायचं, आत दाते झिजायला लागलेत.

भाईंनी खडू आणला. मागच्या चाकावर एक रेघ मारली, गिअरबॉक्सकडून पेटीत येणाऱ्या शाफ्टवर एक. त्यांनी एक चाक धरलं, मी दुसरं, आणि एकदम सावकाश पूर्ण वळसा दिला. शाफ्टवरची रेघ कुठे थांबली ते बघून ठेवलं. मग फळीखालची मळकी पेटी वर घेतली, तिलाही तशाच रेघा मारल्या, तसंच फिरवलं. तिची रेघ भलतीकडे थांबली.

दोन पेट्या, दोन हिशोब. आम्ही चढवलेली पेटी त्याच्या घरगुती गाडीतलीच होती. जी काढायची होती तीच आम्ही परत बसवली होती. बसवायची होती ती जमिनीवर होती, कारण तिला साफ करायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

"मग ती बांधून कशाला ठेवली?" मी भाईंवर ओरडलो. त्यांचा काय संबंध होता. मला मुलाचा राग आला होता. नको असलेला माल इतका नीट कोण बांधतं?

भाई म्हणाले, "काका, तुमच्याकडूनच शिकला ना. काढलेली वस्तूपण साफ करून, बांधूनच ठेवायचा. म्हणायचा, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. मला माहीत होतं हे. पण त्या दिवशी माझंही डोकं चालत नव्हतं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ऐकलं.

"म्हणजे तो आवाज बिघाडाचा होता."

"हो."

"पेटी बदलली की जाईल?"

"जाईल."

"मग नका बदलू." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मला त्या गाडीत पळायचं नाहीये. हळू चालवा. आवाज राहू दे."

"अगं, तो गिअरबॉक्स त्याने हाताने जोडलाय. प्रत्येक दाता त्याने बसवलाय. आपण आवाज ऐकायला जातो, तेवढं ते सगळं आतून पीठ होत जातं. काही महिन्यांनी आवाजही नसेल आणि तेही नसेल."

"तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांचे गिअर ऐकलेत. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार."

"नाही कळलं. मलाही तोच वाटला."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतके महिने ती एकटीच ऐकत होती असं तिला वाटत होतं. ती खुर्चीवर बसली आणि रडली, आणि मीही रडलो. ते झाल्यानंतर आम्ही एकत्र रडलो नव्हतो. वेगवेगळ्या खोल्यांत उरकत होतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर बिबवेवाडीला आली. गॅरेजात ती याआधी कधी आलेली नव्हती. पिशवीत तो साडीचा तुकडा होता, धुऊन इस्त्री केलेला. म्हणाली, मळकी आहे ना, मी पुसते. भाईंनी तिला स्टूल दिलं आणि पेटी समोर ठेवली. तिने कापड हातात घेतलं आणि वाकली, आणि तशीच थांबली.

पेटीच्या एका बाजूला, त्या काळ्या थरात, चार बोटांचे पट्टे होते. पुसायला सुरुवात करून कुणीतरी हात काढून घेतला होता. मधलं बोट जरा तिरकं. शाळेत असताना क्रिकेट खेळताना मोडलेलं त्याचं ते बोट नीट जुळलंच नव्हतं.

भाई हळूच बाहेर जाऊन उभे राहिले.

बायकोने कापडाची पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "एवढी बाजू राहू दे," ती म्हणाली. "चालेल ना?"

मी आयुष्यात मळका माल पुढे सोडलेला नाही. त्यासाठी माणसांशी भांडलोय, साहेबांशी भांडलोय. मी म्हणालो, "चालेल." शाफ्ट जोडतात ती तोंडं मी साफ केली, मागचं झाकण उघडून दाते बघितले, नवीन ऑइल भरलं. बाकी तशीच चढवली. चढवताना त्या बाजूला हात लागू नये म्हणून भाई आणि मी इतके जपत होतो की साध्या कामाला दुपार लागली. गिअरबॉक्समधला मधला जोड बदलावा लागला. बाकी त्याने जोडलेलं बहुतेक सगळं वाचलं होतं.

रविवारी निघालो. बायको मागचं दार उघडून मागेच बसली. कर्वेनगर मागे पडलं, गाडी तापली, संगमवाडीचा पूल आला. तिने नेहमीप्रमाणे तळहात सीटवर टेकवला. मी आरशात तिच्याकडे बघत होतो, त्या आरशात मी इतके महिने बघितलं नव्हतं. पूल संपला. गाडी लोण्यासारखी चालली होती, मला त्याचा अभिमान वाटत होता आणि ती शांतता सहनही होत नव्हती. विश्रांतवाडीचा चौक येईपर्यंत ती डोळे मिटून थांबली. मग तिने हात उचलून मांडीवर घेतला.

"गेला," ती म्हणाली.

पुढे सिग्नल सुटला. मी लिव्हर आपल्याकडे ओढून दुसरा गिअर खाली घेतला.