स्प्रिंग काढली तरी मिटलेला चिमटा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचो. राग यायचा मला. मेकॅनिकल इंजिनिअर माणूस... जे हललं त्याला कुणीतरी ढकललंय, एवढंच माझं शास्त्र. तरी हे लिहितोय, कारण घरात विषय काढला की सगळे उठून जातात.

नव्वदच्या दशकाची अखेर. जळगावच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनला होतो. माझा थोरला भाऊ, नाना, धरणगावजवळ शेती करायचा. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरली, पण नसलेला हात दुखायचा. "मूठ आवळेल शे रे, नखं रुततस," म्हणायचा, जणू ती मूठ अजून आहे आणि आवळलेलीच आहे. डॉक्टर म्हणाले, नसांचा खेळ आहे, होतं असं. नाना अख्खी रात्र बसून काढायचा. असला आडदांड माणूस, वर्षभरात निम्मा झाला.

मी त्याच्यासाठी चिमट्याचा हात करायचं ठरवलं. एरवी स्प्रिंगने मिटलेला राहणार, खांद्याला बांधलेली केबल ओढली की उघडणार. साहेब म्हणाले, सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा कॉम्प्युटर वापर. मॉडेल झालं, सिम्युलेशन लावलं, म्हणजे पडद्यावरच हात चालवून बघितला — चिमटा उघडेना. केबलचा जोर वाढवला, स्प्रिंग निम्मी केली, सगळे जॉइंट पुसून नव्याने दिले. ढिम्म! शेवटी वैतागून स्प्रिंगच काढून टाकली. आता त्याला मिटून ठेवायला काहीच नव्हतं. तरी केबल ताणली जायची आणि जबडे आपले एकमेकांना चिकटलेले. कित्येक रविवार असेच गेले.

अशाच एका रविवारी दुपारी तेच रन लावून मी डबा सोडला. कळण्याची भाकरी नि ठेचा होता. दोन घास खाऊन मान वर केली, तर चिमटा उघडा. मी कशाला हात लावला नव्हता, देवाशप्पथ. रन संपलं तरी तो तसाच उघडा राहिला. आनंद व्हायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. नाना होता, पीसीओवरून. रडत होता.

"मूठ उघडनी रे. आत्तेच उघडनी."

मी त्याला काही सांगितलं नाही. योगायोग, दुसरं काय... पण कॉम्प्युटर बंद करायला हात धजेना. त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, असं ऑफिसात सगळ्यांना बजावलं. पोरं हसली, साहेब चिडले, मी भांडलो. माझी कामं दुसऱ्या मशीनवर उरकली. तिकडे वहिनी फोनवर सांगायची, नाना घोरतोय, भाकरी जास्त मागतोय. किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग एका भरदुपारी लाईट गेली. युपीएस कोकलत राहिला आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. मी फोनकडे बघत बसलो, वाजू नको बाबा म्हणत. वाजला. वहिनी होती. मागे नाना ओरडत होता.

लाईट आल्यावर तीच फाइल, तेच आकडे, परत लावले. त्या दिवशी लावले, रोज लावले. पुढे सॉफ्टवेअर बदललं, नोकरी बदलली, जाणकारांना दाखवून झालं. तेही डोकं खाजवतात. जबडे काही उघडले नाहीत.

नाना मात्र लाईट गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वारला. त्याआधी एकदा गावी गेलो असताना राहवलं नाही, त्याला सगळं सांगून टाकलं. खाटेवर थोटा हात उराशी धरून त्याने ऐकलं. मला वाटलं, हसेल, येडा झाला का म्हणेल.

"मंग चालू कर ना रे ते," एवढंच म्हणाला.

तो चिमटा का उघडला नि का मिटला, मला आजही सांगता येत नाही. आणि त्या दिवशीही सकाळी ते रन चालू करूनच मी गावी आलो होतो, जबडे मिटलेलेच होते, हे तेव्हा नानाला सांगता आलं नाही.