पत्रिकेतली सुटलेली ओळ

नव्या लग्नपत्रिकेच्या शाईचा वास आला की मला बीडमधलं माझं डीटीपीचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाटोद्याच्या एका गृहस्थांनी मुलीच्या पत्रिकेचा नमुना तपासून त्यावर सही केली. सतराही नावं बरोबर होती. ते गेल्यावर मला गणपतीचं चित्र बारीक वाटलं, म्हणून अर्धा इंच वाढवलं. खालचा मजकूर सरकला आणि शेवटची ओळ चौकटीत न मावल्यानं दिसेनाशी झाली. मी नावं पुन्हा मोजली नाहीत. पाचशे पत्रिका छापल्या, त्यांनी त्या वाटल्या, आणि मग ते धापा टाकत आले. "मामाचंच नाव न्हाई की हो! मेव्हणा लई रुसलाय, येतच न्हाई म्हणतो. पोरीला मांडवात कोण आणणार?" सही केलेला नमुना माझ्या खणात होता, त्यावर मामाचं नाव होतं. मी एवढंच म्हणालो, "तुम्ही तपासून सही केली होती." "मग माझ्याच नजरंतून सुटलं. तुमाला उगीच बोललो, माफ करा," ते म्हणाले आणि मेव्हण्याच्या पाया पडायला निघून गेले. मी खोटं बोललो नव्हतो, असं स्वतःला सांगत इतकी वर्षं काढली; पण खण मी उघडला नव्हता.