वास्कोचा गावकार कोण?

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी वास्कोच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. माझं गाव डिचोलीकडचं, मुळगाव. तिथला डोंगर खाणीत कापला जाई आणि त्याची माती बार्जमध्ये बसून नदीवाटे मुरगाव बंदरात येई. दुपारी वर्गाच्या खिडकीवर बोट फिरवलं की लाल व्हायचं. मुलं सुरात पाढे म्हणत, लांब कुठेतरी जहाज भोंगा देई, आणि मला वाटे, गावच माझ्या मागोमाग आलंय, दारात उभं राहून 'आत येऊ?' विचारतंय. त्या तंद्रीत पाढा कुठवर आला तेही कळत नसे.

शाळेमागे एक विहीर होती. भोवती नव्या इमारती उठल्या, नळ आले, आणि विहिरीत लोक कचरा टाकू लागले. मी कुणाला हटकलं की तो खांदे उडवून म्हणे, "हांव हांगाचो न्हय." मी मुळातच तापट. पण या उत्तरावर भांडायचं तरी कसं? शनिवारी दुपारी मुळगावची बस पकडणारी मीसुद्धा कुठे इथली होते?

चवथीची, म्हणजे गणपतीची, सुटी संपली तेव्हा मी मुलांना सांगितलं, "आपल्या गावाचं चित्र काढा." मला हवं होतं वास्को: बंदर, बाजार, रेल्वे, ती विहीर. मग त्यावर बोलू, हे शहर कसं राखायचं ते ठरवू, असा माझा बेत. पण मुलांच्या लेखी गाव म्हणजे जिथून आपण आलो ते, जिथे आपला देव आहे ते. कुणी पेडण्याचा वड काढला, कुणी वेंगुर्ल्याचा मांड, जिथे गाव सणाला जमतो ती जागा, कुणी डिचोलीची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा. सगळी मुलं वास्कोत वाढलेली, आणि एकाही कागदावर वास्को नाही. बेत माझा पाण्यात गेला.

एका मुलीचा कागद तर कोराच होता. वडील ट्रकवर, मूळचे सावंतवाडीकडचे. तिकडचं घर पडलं, भाऊबंदांशी बिनसलं, येणंजाणं तुटलं. ती इथेच जन्मलेली.

"आमका गाव नाय, बाई," ती म्हणाली.

मागच्या बाकावरचा पेडण्याचा मुलगा लगेच बोलला, "ती भायली."

'बाहेरची' ऐकून वर्ग हसला. तिने कागद उलटा करून ठेवला. पुढे कित्येक दिवस ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी. तिचा आवाज परत कसा मिळवायचा, याच्याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

एका दुपारी मी सगळ्यांना विहिरीवर नेलं. ऊन कोवळं नव्हतं, पण समुद्रावरून आलेल्या धुरकट हवेत ते मऊ झालं होतं. काठावर एक सुकलेलं जास्वंदीचं फूल होतं.

"हे कुणी ठेवलं?"

कोऱ्या कागदाची ती मुलगी पुढे होऊन म्हणाली, "मी. चवथीक सगळी गावाक जातत. मी हयच आसतंय. ह्या बावीचो राखणदार पण हयच आसता."

मी म्हटलं, "मग त्याला गाऱ्हाणं घाल."

आमच्याकडे राखणदारापुढे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवापुढे, एकाने सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. पेडण्याचा मुलगा गप्प बसतो कसला.

"बाई, गाऱ्हाणां गावकार घालता. जेचो गाव तेणें."

बरोबर होतं त्याचं. देवळात मान गावकाराचा, गावच्या मूळ मानकऱ्याचा; त्याच्या आधी कुणी तोंड उघडत नाही.

"तुझं गाव कुठलं रे?" मी विचारलं.

"पेडणें."

"तुझं?" "वेंगुर्ला." "तुझं?" "दिवचल," म्हणजे डिचोली.

एकेक जण आपलं गाव सांगत गेला आणि सांगता सांगता गोंधळत गेला. शेवटी माझीच पाळी आली.

"माझं मुळगाव," मी म्हटलं. "मग इथला गावकार कोण उरला?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हात जोडले. आवाज आधी फुटेचना, आणि फुटला तेव्हा थेट म्हाताऱ्या गावकाराच्या ठेक्यात.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्यापुढे ही लेकरा उभी आसत. गाव तेंचे येगळे आसत. चवथीक जातत, तेंका जावंदेत..."

"व्हय म्हाराजा," दोनचार जण पुटपुटले.

"पण तेंका परत घेवन ये. तेंका तुझीच समज. तेंका भायली म्हणू नको रे म्हाराजा."

पेडण्याचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि त्याच्या पाठोपाठ आम्ही सगळे बाहेरगावचे.