दुबेबाईच्या डब्ब्यातली गोळी

आमच्या शांताच्या ओठाखाली एक दिवस काळा डाग उठला अन् घराची झोपच उडाली. भिलाईचा कारखाना तवा बांधून राहिले होते, आम्ही नव्या सेक्टरातल्या क्वार्टरमधी राहो.

शांता माही नणंद, लग्नाची. तुमसरची मंडळी तिले पाहाले येणार होती.

डाग गोल, जांभळट. आधी आग आग करे, मंग काळा पडे. जराक फिका झाला का पुन्हा त्याच जागी! दर खेपेला तीच जागा म्हणजे काय... मले तिथंच शंका आली.

नळावर कुजबुज सुरू झाली. तोंडावर कोणी बोले ना, पण शांताची बालटी आली का बाया आपली बालटी मागं घेत. महारोग, दुसरं काय! त्याचं भेव तवा लय होतं. ही गोष्ट तुमसरले पोचली असती तर संपलंच.

मले सगळ्यायचाच शक. पहिले कारखान्याच्या लाल धुळीवर, मंग साबणावर, मंग शेजारच्या दुबेबाईवर. बाई लय गोड बोले, म्हणूनच जास्त. साबण बंद, तिचं लोणचं बंद, बेसन लावणं सुरू... डाग काही हटेना.

आमचे हे कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाले होते. ते म्हणे, "दवाखान्यात ने. घरी बसून रोग नको काढू." नेलं बापा.

डॉक्टरनं पुसलं, "कौन सी दवाई चल रही है?" मी म्हणलं, कुछ नहीं. जराशानं पुन्हा तेच. मले रागच आला, चोराले पुसल्यासारखं कावून पुसून राहिला हा? औषध म्हणजे डॉक्टरनं शिशीत दिलेलं. ते आमच्या घरी कोणी घेतच नव्हतं.

मंग त्यानं डागावर हळूच पिन टोचली. "आई वं!" शांता उडालीच. डॉक्टर म्हणे, महारोगाच्या डागाले टोचलेलं समजत नाही, इतकं टोचते तर हा महारोग नाही वाटत. मंग आहे काय? ते त्याले बी सांगता येईना... म्हणलं, चला घरी.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी शांताचं पोट बिघडलं. पाणीच असं होतं का कोणाचं ना कोणाचं बिघडलेलंच राहे. पोटासाठी दवाखान्यातून आणलेल्या सल्फाच्या गोळ्या उरल्या का घरोघरी डब्ब्यात. वाटीभर साखर मागावी तशी बाया गोळी मागत. दुबेबाई तर नेहमीसारखी डब्बा घेऊनच आली. "ले बेटी, एक खा ले, कल तक ठीक."

शांतानं गोळी हातात घेतली... अन् तिचा दुसरा हात आपोआप ओठाखाली गेला.

"काय झालं वं?"

"काही नाही वहिनी. आता उद्या इथं आग होईल ना."

"तुले कसं माहीत?"

"पोट बिघडलं का होतेच."

पोट बिघडलं का आग... अन् पोट बिघडलं का गोळी! मी ती तिच्या हातातून हिसकली अन् तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "यही तो पूछ रहा था, बहनजी!" एखाद्याच्या आंगाले एखादं औषध मानवत नाही म्हणे. खाल्लं का त्याच जागी डाग उठते, बंद केलं का हळूहळू फिका होते. खातच राहिलं तर डाग वाढतात, तोंडात फोड येतात, कवाकवा आंगाची साल बी निघते, जिवावर बेतते. सल्फा जन्मभर बंद, अन् कोण्याही डॉक्टरले पहिले हे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पोराच्या मायची नजर सरळ ओठाखाली... चहाचा कप तिनं तसाच खाली ठेवला. मी म्हणलं, लपवायचं कायले? "गोळीनं झालं जी ते. महारोगाचा शक असन तर पिन देतो, टोचून पाहा."

शांता मान खाली घालूनच बोलली, "टोचा जी, पण हळू. डॉक्टरनं बी टोचली आहे."

बाईले हसू आलं. टोचली नाही. जवळ सरकून मले हळूच पुसते, "कोणती गोळी वं? माह्या घरी बी असाच डब्बा आहे."

लग्न झालं. दुबेबाईनं डब्बा धुऊन त्यात लवंगा भरल्या. तिच्यावर शक घेतला म्हणून मले काही वाईट नाही वाटत... गोळी तर तिच्याच डब्ब्यातली निघाली!

डॉक्टरनं पुसलं कोणतं औषध घेता, तर शेजारणीनं दिलेली गोळी बी सांगा. औषधच असते ते.

शांता आता लेकाजवळ इथंच भिलाईच्या रिसालीत राहते. डाग कवाचाच गेला. पण कोणी नवीन गोळी दिली का आजही तिचा हात पहिले ओठाखाली जाते, मंग ती पुसते, "सल्फा तर नाही ना?" लोक हसतात. हसू द्या... त्या हातानंच तर वाचवलं तिले.