न प्यायलेल्या दारूची साक्ष

आमची मंडळी म्हणजे बिरवाडीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी जमणारी चाळीसेक ख्रिस्ती माणसं. उपासनेनंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उठून सांगायचं. आमच्यातला एक क्रेनवाला उठला की बायका आधीच डोळ्यांना पदर लावत. चाकू, कोठडी, मग प्रभूची भेट! माझ्याकडे काय होतं? मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देणारा. माझं सगळ्यात भडक पाप म्हणजे दहावीत दुसऱ्याचं जर्नल उतरवलं होतं, आणि तेही चुकीचं उतरवलं. देवालासुद्धा मी चटकन आठवत नसणार, असं मला वाटे.

एका रविवारी मी उठलो आणि सांगून बसलो की मी दारुडा होतो. "रोज दोन क्वार्टर! एका संध्याकाळी गुडघे टेकले आणि सोडली. दुसऱ्या दिवशी हातसुद्धा थरथरला नाही." हॉल हालेलुयाने दणाणला. क्रेनवाल्याने मिठी मारली. आमची ही मात्र सतरंजीकडे बघत बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "सोलकढी जरा आंबट झाली तर ठसका लागतो तुम्हाला. कधी प्यायलात?"

"लग्नाआधी."

"लग्नाआधी तुम्ही आईला विचारल्याशिवाय चहा घेत नव्हतात. पुढच्या रविवारी उठून खरं सांगा."

"सांगतो," म्हणालो, आणि मनातल्या मनात रविवारी ताप आणायच्या तयारीला लागलो.

बुधवारी दुपारी स्टोअरमध्ये फोन वाजला. "दादा, मी पोलादपूरची. रविवारी पयल्यांदा आले, मागं बसलेले. नंबर मंडळीतल्या बायकांनी दिला. तुमचं सगळं ह्यांना सांगितलं. सोमवारपासून थेंब घेतला नाय. पन हात लय कापतात, घाम सुटतो. भिंतीवर मुंग्या हायत म्हणून चपलेनं मारतायत. तुमचं असं किती दिवस चाललेलं?"

"ताई, दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"नाय येत. म्हणतात, तो बिरवाडीवाला गेलता काय? मग मी काय त्याच्यापेक्षा कमी हाय?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्कूटर काढली. हायवेवर एकच विचार: हा माणूस मेला तर मी मारला. लाज वाटते, पण खरं सांगतो, त्याच्या मागोमाग दुसराही विचार होता: हे मंडळीत कळलं तर?

तिचा नवरा टेम्पो चालवणारा, दांडगा. कोपऱ्यात पाठ टेकून बसला होता, बनियन घामाने चिंब, हातात चप्पल. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुम्हीच काय ते? कुठली घ्यायचात?"

"लाल," मी म्हणालो.

"लाल कुठली?"

"ती... गोड असते ती."

त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. त्याचे दात कडकड वाजत होते. आता आणखी एक थाप मारली असती तर तो त्याच कोपऱ्यात संपला असता.

"मी कधी प्यायलोच नाही," मी म्हणालो. "सगळं खोटं. लोकांत आपणही कुणीतरी दिसावं म्हणून बोललो. अशी एकदम सोडली तर जीव जातो म्हणतात. माझ्याशी कसली बरोबरी करता? चला."

त्याने चप्पल फेकली. ती बरोबर माझ्या छातीवर बसली. मुंग्यांवर नेम चुकत होता, माझ्यावर नाही. मग भिंत धरून उठला. "भाड्या, आता ने कुठं नेतोस तिथं."

महाडला रिक्षातून उतरवतानाच त्याला झटका आला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. आत नेल्यावर डॉक्टर बाहेर येऊन कडाडले, "अशी एकदम बंद करायला कुणी सांगितली?"

"मी," म्हणालो.

"उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर त्याची बायको मला पाठ करून बसली. मी प्रार्थना करायला लागलो. एरवी माझी प्रार्थना 'त्याला दिलंस, मला का नाही' अशी सुरू होई. त्या दिवशी शब्दच फुटेना. नुसतं "वाचव" एवढंच. आणि त्या धास्तीतच जाणवलं की ज्याच्यापुढे बसलोय त्याला माझी बिनचाकूची, बिनदारूची गोष्ट आधीपासून ठाऊक आहे. तरीही त्याने मला आपलं म्हटलंय. ख्रिस्ताने माझ्यासाठी वधस्तंभावर जीव दिला तेव्हाच माझी किंमत ठरून गेली होती. मीच दर रविवारी तिचा लिलाव मांडत होतो. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. आतून कसला आवाज आला की मी उठून दाराशी जाई.

गुरुवारी सकाळी त्याने बायकोला ओळखलं आणि चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, अजून धोका आहे.

रविवारी मला ताप आला नाही. उठलो. "मागच्या वेळी मी खोटं बोललो. मी कधी दारू प्यायलो नाही. माझ्या खोट्यामुळे एक माणूस दवाखान्यात आहे." कुणी हालेलुया म्हणालं नाही. क्रेनवाला मान खाली घालून बसलेला. मला दाराबाहेर पळावंसं वाटत होतं.

"त्याच्यासाठी प्रार्थना करू या," मी म्हणालो. कुणी पुढे होईना, तेव्हा मीच सुरुवात केली.